काचबिंदूत अनुभवाची साक्ष चालत नाही

वैद्यकीय चाचण्यांचा विषय निघाला की आपल्याकडे तीन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे आणि रोग्याला अनुभव आहे, मग चाचणी हवी कशाला? दुसरा, माणसांवर प्रयोग करणे हेच मुळात अमानुष. तिसरा, या चाचण्या परदेशी डोळ्यांवर होतात, आपल्याला त्यांचा काय उपयोग? तिन्ही आक्षेपांत सत्याचा अंश आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. पण काचबिंदूच्या बाबतीत ते मानून चाललो तर त्याची किंमत नजरेने मोजावी लागेल, असे माझे ठाम मत आहे.

आधी अनुभवाचे पाहू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की एक-दोन दिवसांत रोगी घड्याळातले काटे ओळखतो. तिथे अनुभवाची साक्ष ग्राह्य आहे. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस यात वर्षानुवर्षे झिजत राहते. नजर सहसा कडेने कमी होते, एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, आणि रोग्याला बराच काळ काहीच जाणवत नाही. गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. म्हणजे उपचार यशस्वी झाला तरी रोग्याला मिळते काय, तर होते तेवढेच दिसत राहते. नियमाने औषधाचे थेंब घालणारा आणि थेंबांची बाटली कोपऱ्यात ठेवून देणारा, दोघांचाही काही वर्षांचा अनुभव सारखाच असतो: ‘मला तर काही फरक वाटत नाही.’

हा अनुभव किती फसवा, ते ब्रिटनमधल्या एका चाचणीने आकड्यांत दाखवले. डेव्हिड गार्वे-हीथ यांच्या नेतृत्वाखाली ५१६ रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला लॅटॅनोप्रॉस्ट या औषधाचे थेंब दिले, दुसऱ्याला औषध नसलेले तसेच दिसणारे थेंब. कोणाच्या बाटलीत काय आहे, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. दोन वर्षांत औषधाविना असलेल्यांपैकी २५.६ टक्के रोग्यांचे दृष्टिक्षेत्र घटले, औषध घेणाऱ्यांपैकी १५.२ टक्क्यांचे. औषध काम करते, हे सिद्ध झाले. पण याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. औषध न मिळालेल्यांपैकीही जवळजवळ तीन-चतुर्थांश रोग्यांत दोन वर्षांत मोजण्याजोगी घट झाली नाही. म्हणजे उद्या कोणी निव्वळ पाण्याचे थेंब विकले, तरी ‘आमच्या औषधाने चारांतल्या तिघांची नजर टिकली’ असे तो छातीठोकपणे सांगू शकेल, आणि त्याचे रोगी त्याला दुजोरा देतील. कोणीही खोटे बोलत नसेल, तरी निष्कर्ष खोटा असेल. तो खोटेपणा उघडा पाडणारे साधन एकच, शेजारी ठेवलेला दुसरा गट.

यावर कोणी म्हणेल, रोग्याला कळत नसले तरी डॉक्टरांना डोळ्यातला दाब उतरलेला दिसतो, तेवढे पुरे. नाही, पुरत नाही. दाब हा काचबिंदूतला सर्वांत मोठा बदलता येण्याजोगा धोका खरा, पण दाब म्हणजे रोग नव्हे. अमेरिकेत दाब वाढलेल्या पण नस शाबूत असलेल्या १६३६ जणांचा अभ्यास झाला. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, उपचार घेतलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्याहून कमी झाला, आणि उपचार न घेतलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना त्या काळात रोग झालाच नाही, हेही कळले. उलट बाजूने, स्वीडनमध्ये मालमो आणि हेल्सिंगबोर्ग इथे आंडर्स हाइल यांनी केलेल्या अभ्यासातल्या सुमारे निम्म्या रोग्यांचा दाब ‘नॉर्मल’ समजल्या जाणाऱ्या मर्यादेत होता. म्हणून ‘दाब नॉर्मल आहे, घरी जा’ एवढ्यावर तपासणी संपवणे चूक आहे. नस पाहिली पाहिजे, दृष्टिक्षेत्र मोजले पाहिजे, कॉर्नियाची जाडी आणि डोळ्याचा कोन तपासला पाहिजे. यातली एकेक पायरी संशोधनाने पक्की केली आहे.

आता दुसरा, नैतिक आक्षेप. उपचार उपलब्ध असताना काहींना तो न देणे क्रूर नाही का? मालमोचाच अभ्यास घ्या. २५५ रोग्यांपैकी निम्म्यांना सुरुवातीला उपचार दिला नाही हे खरे. पण त्यांचे दृष्टिक्षेत्र दर तीन महिन्यांनी तपासले जात होते आणि रोग पुढे सरकल्याचे दिसताच उपचार देण्याची मुभा होती. त्या वेळी दाब उतरवल्याने नजर वाचते, याचा भक्कम पुरावाच हाती नव्हता. तो या अभ्यासाने दिला: उपचार घेतलेल्यांत ४५ टक्क्यांचा रोग पुढे सरकला, न घेतलेल्यांत ६२ टक्क्यांचा. आज जगभर जे थेंब निःशंकपणे लिहून दिले जातात, त्यामागे त्या स्वीडिश रोग्यांची संमती आहे.

उपचार न देणे जसे घातक ठरू शकते, तसे उगाच देणेही. चीनमध्ये ग्वांगझू इथे डोळ्याचा कोन अरुंद असलेल्या, पण रोग नसलेल्या ८८९ जणांच्या एका डोळ्याला प्रतिबंधक लेसर दिले आणि दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांनी दिसले, की लेसरने रोगाचा धोका जवळजवळ निम्मा होतो, पण मुळात तो इतका कमी आहे की अशा प्रत्येकाला सरसकट लेसर देण्याचे कारण नाही. ही चाचणी झाली नसती तर किती निरोगी डोळ्यांवर लेसर चालत राहिले असते! चाचणीविना रुळलेला उपचार हाही माणसांवरचा प्रयोगच आहे. फरक एवढाच, की त्याची नोंद नसते, संमती नसते आणि त्यातून कोणी काही शिकत नाही.

शिवाय चाचणी कोणाची भीड ठेवत नाही. नसेला वाचवील अशी आशा असलेल्या मेमँटिन या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन हजारांहून अधिक रोगी त्यांत होते. औषध अपयशी ठरले, आणि २०१८ साली तसे छापूनही आले.

गरीब रोग्याला अंधारात ठेवून चाचण्या झाल्याचे आरोप आपल्या देशात झाले आहेत, तो संताप रास्त आहे. पण त्यावरचा इलाज देखरेख हा आहे. २००९ पासून भारतात चाचणीची आधी जाहीर नोंदणी सक्तीची आहे, २०१९ च्या नियमांत इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. ते नियम कसोशीने पाळले जावेत, आणि संमतिपत्र रोग्याला कळेल अशा मराठीत असावे, यासाठी भांडू या.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यातच पुढची वाट आहे. परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे इथे लागू होतील असे नाही, हे मान्य. मग त्याचे उत्तर इथेच संशोधन करणे हे आहे. चेन्नई आणि मदुराईच्या नेत्रतज्ज्ञांनी गावोगाव पाहण्या केल्या, म्हणून तर कळले की काचबिंदू झालेल्या दर दहांपैकी नऊहून अधिक जणांना आपल्या रोगाचा पत्ताच नव्हता. नागपूरजवळच्या खेड्यांत ४७११ जणांचे डोळे तपासणारा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. मोजणी आपल्याला येते. आता उपचारांची तुलना हवी.

लंडनच्या गस गॅझर्ड यांनी ७१८ रोग्यांत दाखवले, की सुरुवातीलाच दाब उतरवणारे सौम्य लेसर दिले तर तीन वर्षांनी सुमारे ७४ टक्के रोगी थेंबांशिवाय राहतात. पुढे ब्रिटनने आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली. हे श्रीमंत देशापुरते खरे, असे म्हणायलाही जागा उरली नाही, कारण टांझानियात मोशीच्या रुग्णालयाने २०१ रोग्यांवर हीच कसोटी लावली. वर्षाअखेरीस लेसर दिलेल्या ६१ टक्के डोळ्यांत उपचार यशस्वी ठरला, टिमोलॉल या औषधाच्या थेंबांनी ३१ टक्के डोळ्यांत.

टांझानियाला जमले ते आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जमणार नाही, असे मी मानत नाही. दरमहा बाटली विकत घेणे ज्याला परवडत नाही, तपासणीला यायचे तर ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्या रोग्यासाठी लेसर बरे की थेंब, हा प्रश्न इथला आहे आणि उत्तरही इथेच शोधावे लागेल. शासनाने त्यासाठी निधी द्यावा, महाविद्यालयांनी चाचण्या उभाराव्यात, निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, जाहीर करावेत. आणि रोग्यांनी सगळे समजून घेऊन, हवे ते विचारून, त्यांत भाग घ्यावा. नजर गेल्यावर ती परत आणायला उपाय उरत नाही. ती जाण्याआधी कोणता उपाय खरा, हे ठरवण्याची चाचणीखेरीज दुसरी प्रामाणिक रीत नाही.