काटकसर कुठे करावी?

आजकाल कंपन्यांमध्ये ‘लीन मॅनेजमेंट’ हा शब्द फार चालतो. मराठीत लीन म्हणजे नम्र, इंग्रजीत सडपातळ. ज्या कामाचा, वस्तूचा किंवा वेळेचा उपयोग नाही ते कमी करावे, हा त्याचा साधा अर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत ही पद्धत वाढली. त्याच कंपनीने २००१ साली आपली तत्त्वे मांडताना दोन आधारस्तंभ सांगितले: सतत सुधारणा आणि माणसांचा आदर. पुष्कळ ठिकाणी पहिला घेतात, दुसरा विसरतात.

मुंबईच्या डबेवाल्यांनी दोन्ही सांभाळले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे ५००० माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत. संगणक नाही, कागदपत्र नाही; झाकणावरची रंगीत खूण पाहून डबा हातोहात पुढे जातो आणि दुपारी रिकामा घरी परततो. याहून सडपातळ व्यवस्था कोणती? तरीही वीस-पंचवीस जणांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसे जास्तीची असतात. हिशेबाच्या वहीत हा फालतू खर्च दिसेल. पण कोणी आजारी पडला की डबा त्यांच्यामुळेच वेळेवर पोहोचतो. गटातील सर्वांची कमाईही जवळपास सारखी असते.

आपल्या शाळेत मुलांची संख्या घटली आहे, खर्च वाढला आहे. त्यामुळे निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा भरू नयेत, अशी सूचना पुढे आली आहे. विश्वस्तांची चिंता खरी आहे. परंतु माझे स्पष्ट मत असे की, काटकसरीची सुरुवात माणसांपासून करू नये. एकच माहिती आपण तीन रजिस्टरांत लिहितो. एका दाखल्यासाठी पालकांना दोन-दोन चकरा माराव्या लागतात. रिकाम्या वर्गांत पंखे फिरत असतात. आधी हे थांबवू या.

बदली शिक्षिका, ग्रंथपाल, आयाबाई कागदावर जास्तीच्या वाटतात. पण शिक्षिका रजेवर गेली तर वर्ग कोण सांभाळणार? लहान मूल तापाने फणफणले तर त्याच्याजवळ कोण बसणार?

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाबाहेर पडताना पंखा बंद करा. हीसुद्धा शाळेची सेवाच आहे. पालकांनी कार्यालयातील अडचणी लेखी कळवाव्यात. आणि विश्वस्त मंडळाने जागांचा निर्णय घेण्यापूर्वी एक वर्ष ही दुसरी काटकसर करून पाहावी, ही विनंती.

— मुख्याध्यापक