महाविद्यालयाची निवड आणि जानेवारी महिना

दरवर्षी पावसाळ्यात, बांधांवर रोवणीची कामे जोरात असतानाच, आपल्या परिसरातील अनेक घरांत आणखी एक धावपळ चालू असते. ‘नीट’ किंवा ‘जेईई’चा निकाल हाती आलेला असतो आणि एमपी ऑनलाइनच्या दुकानात संगणकासमोर बसून महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरला जात असतो. गेल्या वर्षी कुठल्या गुणांवर प्रवेश थांबला, शुल्क किती, बंधपत्र किती वर्षांचे, वसतिगृह आवारातच आहे ना, या सर्व प्रश्नांचा खल होतो आणि तो व्हायलाच हवा. मात्र ‘तेथील जानेवारी कसा असतो?’ हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात क्वचितच येते. एका बालरोगतज्ज्ञाने यात का लक्ष घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सरळ आहे. ही मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. जन्मापासूनचा त्यांचा आजारांचा इतिहास आमच्याच कागदांत असतो आणि नेमके याच वयात ते कागद मागे ठेवून ती दूरच्या प्रदेशात जातात.

तिरोडीसारख्या सीमेवरच्या गावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. आपली भाषा, सोयरीक आणि बाजार तुमसर-नागपूरकडे; आपला अधिवास मात्र मध्यप्रदेशाचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असल्यामुळे हाकेच्या अंतरावरील नागपूर-गोंदिया आपल्या मुलांना केवळ १५ टक्के अखिल भारतीय जागांतूनच मिळू शकते. राज्यात जबलपूर आहे, २०१९ पासून छिंदवाडा आणि २०२४ पासून सिवनीही आहे. पण गुण थोडे कमी पडले की यादीत ग्वाल्हेर-रीवा येते. अखिल भारतीय यादीतून सिमला, श्रीनगर, ऋषिकेश, बठिंडा अशी नावे समोर येतात. त्याहून कमी गुण असतील तर एखादा दलाल किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशियाची रंगीत पुस्तिका घेऊन दारात उभा असतोच.

आपल्याला थंडी माहीत नाही असे नाही. नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि आपल्या खेड्यांतही पहाटे शेकोट्या पेटतात. परंतु आपली थंडी ही पहाटेची थंडी असते. दहा वाजले की उन्हे अंगावर येतात आणि दुपारी स्वेटर खांद्यावर टाकून माणूस कामाला लागतो. उत्तरेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत धुके बसले की अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि दुपारचे तापमानही पंधरा अंशांच्या आतच राहते. शरीराला ऊब परत मिळण्याची वेळच येत नाही. किमान तापमानाचा आकडा वाचून ‘एवढी तर आपल्याकडेही पडते’ असे म्हणणारे पालक हा फरक विसरतात. शिवाय मुलाला पोहोचवायला वडील जातात ते ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा सिमला रमणीय असते आणि काझानच्या बागांत ऊन पडलेले असते. जे पाहून ते परततात, ते त्या गावाचे पूर्ण रूप नसते.

‘सवय होईल’ हे आमच्या व्यवसायबंधूंचेही आवडते उत्तर आहे. उष्णतेच्या बाबतीत ते बव्हंशी खरे आहे. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील मीठ घटते, हृदयावरील ताण कमी होतो. हिमाचलचा मुलगा सेवाग्रामचा पहिला मे महिना रडतकुढत काढतो आणि पुढे निभावून नेतो. थंडीशी मानवी शरीर असे जुळवून घेत नाही. जे काही बदल होतात ते अल्प असतात. थंड प्रदेशातील माणसे टिकतात ती मुख्यतः कपडे, आहार आणि घराच्या बांधणीच्या आधारावर. म्हणून माझ्या मते विचारण्याचा खरा प्रश्न ‘तिथे किती थंडी असते’ हा नसून ‘माझे मूल ज्या खोलीत झोपणार, ती कशाने उबदार राहते’ हा आहे.

या प्रश्नाचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने कळावे असे नाही. मराठी स्त्रीने वैद्यकीय शिक्षणासाठी केलेल्या पहिल्या प्रवासातच तो उभा राहिला होता. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ पासूनच स्त्रियांना प्रवेश दिला होता. आनंदीबाईंना तो पर्याय ठाऊक होता आणि श्रीरामपूरच्या आपल्या भाषणात त्यांनी तेथील शिक्षण अपुरे असल्याचे सांगून तो विचारपूर्वक नाकारलाही होता. त्यांनी निवडले ते फिलाडेल्फियातील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. नऊवारीत पोटऱ्या व कंबर उघडी पडते म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. परंतु राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेगडी धुराने खोली भरून टाकी. एक तर धूर सोसावा, नाही तर थंडी, असे दोनच मार्ग त्यांच्यापुढे होते. मूळची नाजूक प्रकृती, शाकाहाराची ओढाताण आणि असे हिवाळे! ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता, तेव्हा थंडीने त्यांचा बळी घेतला असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. त्यांची निवड चुकली असेही मी म्हणणार नाही. ती निवड नसती तर पुढील अनेक मुलींची वाट खुली होण्यास किती वर्षे लागली असती कोण जाणे. पण महाविद्यालय उत्तम निवडले गेले आणि खोलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, एवढे मात्र त्या चरित्रातून स्पष्ट दिसते.

आता आपल्या भागाच्या खास दुखण्याकडे येतो. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सारा सिकल सेलचा पट्टा आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि अनेक इतर मागास समाजांत हा आनुवंशिक दोष आढळतो, हे येथील प्रत्येक डॉक्टर रोज पाहतो. ज्या मुलाला आई व वडील दोघांकडून दोष मिळाला आहे, त्याच्या लाल पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटते आणि पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीने त्वचेतील व हातापायांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, रक्त तेथे अधिक वेळ रेंगाळते आणि नेमका तोच वेळ पेशींना वाकडे होण्यास पुरतो. त्यात थंडीत तहान लागत नाही. या मुलांची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे मूल नकळत कोरडे पडते. मग एखाद्या रात्री हाडे फोडणारी वेदना सुरू होते. आपल्याकडील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते, म्हणून हा आजार सौम्य असतो असे एके काळी मानले जाई. मध्य भारतातील अनुभव सरसकट तसा नाही.

माझ्याकडे लहानपणापासून येणारी अशी एक हुशार मुलगी होती. आजार हायड्रॉक्सीयुरियावर उत्तम आटोक्यात होता. उत्तरेतील एका महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. पहिल्याच डिसेंबरात, विनातापाच्या खोलीत, पहाटे गार पाण्याने आंघोळ करून ती वर्गात जाऊ लागली आणि तीन आठवड्यांत दोनदा रुग्णालयात दाखल झाली. ज्या प्रदेशात सिकल सेल जवळपास नाहीच, तेथील तरुण डॉक्टरांनी प्रथम संधिवाताच्या तपासण्या केल्या. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांनी हा आजार पुस्तकातच पाहिला होता. तिचे वर्ष गेले. पुन्हा परीक्षा देऊन तिने राज्यातीलच महाविद्यालय घेतले आणि आता तिचे शिक्षण सुरळीत चालू आहे. तिच्या बाबतीत थंडीइतकीच ‘आजार ओळखणारे कोणी जवळ नसणे’ ही गोष्टही महत्त्वाची ठरली, आणि ही बाब तर कोणत्याच माहितीपुस्तिकेत छापलेली नसते.

अशा मुलांपुढे आज पूर्वीपेक्षा अधिक दारे उघडी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणीची कार्डे घरोघर पोहोचू लागली. ते कार्ड पसंतीक्रम भरताना टेबलावर असावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कार्डावर ‘रुग्ण’ असेल तर हिवाळा हा निर्णायक मुद्दा मानावा. ‘वाहक’ असेल तर त्यास कोठेही पाठवण्यास हरकत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे आणि साध्या थंडीने त्याचे काही बिघडत नाही. मात्र रोहतांग वा लडाखसारख्या अतिउंचीवर, विरळ हवेत, वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा क्वचित खंडित होतो. सहलीस गेला असता डाव्या बरगडीखाली दुखू लागले, तर तत्काळ खाली उतरून डॉक्टरला ‘मी वाहक आहे’ हे सांगण्याची शिकवण त्याला द्यावी.

दम्याच्या मुलांविषयी थोडक्यात सांगतो. कोरडी गार हवा श्वासनलिका आकसवते हे खरे, पण उत्तरेच्या मैदानात त्याहून अधिक त्रास धूर व धुक्याच्या मिश्रणाचा होतो. म्हणून सिमल्याची स्वच्छ थंडी ज्याला सोसते, त्याला दिल्लीचा नोव्हेंबर सोसेलच असे नाही. बिश्केकमध्येही हिवाळ्यात कोळशाच्या धुराने हवा अत्यंत दूषित होते. आणखी एक बारीक गोष्ट : फवाऱ्याचा पंप फार थंड झाला तर औषधाची मात्रा नीट बाहेर पडत नाही. तो आतल्या खिशात ठेवावा.

परदेशाच्या बाबतीत आपली कल्पना बरेचदा उलटी असते. रशियातील शहरांत इमारतींना केंद्रीय पद्धतीने ऊब पुरवली जाते. बाहेर उणे पंधरा असताना खोलीत मूल सदऱ्यावर बसलेले असते. आपल्या उत्तर भारतातील वसतिगृहात मात्र बाहेर पाच आणि आत फार तर दहा अंश! त्या दृष्टीने काझानपेक्षा ग्वाल्हेर कठीण जाऊ शकते. तिकडची अडचण वेगळी आहे, ती प्रकाशाची. डिसेंबरच्या अखेरीस तिरोडीत सुमारे पावणेअकरा तासांचा दिवस असतो, तर रशियाच्या उत्तरेकडील आर्खांगेल्स्कमध्ये तो चार तासांच्या आत येतो. ऋतुमानाशी निगडित उदासीनतेचे वर्णन रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. ज्या मुलाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना पूर्वी नैराश्य आले आहे, त्याच्या बाबतीत हा विचार आधीच करावा. कारण २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील वैद्यकीय अभ्यासक्रम एकाच संस्थेत पूर्ण करावा लागतो. मधेच गाव बदलण्याची सोय नाही.

सर्वांत घातक गोष्ट मात्र कोणत्याही आजाराशिवाय घडते. बंद खोलीत कोळशाची सिगडी घेऊन झोपणे! कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. त्याला ना वास, ना रंग. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. आपल्याकडे शेकोटी अंगणात असते म्हणून आपल्या मुलांना हे ठाऊक नसते. न्हाणीघरातील गॅसच्या गिझरचेही तेच. काश्मीरची कांगडी ही आणखी वेगळी. अंगाशी धरल्याने होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच केले आहे. एखाद्या हिवाळ्यात विद्यार्थ्याला कर्करोग होणार नाही, भाजणे मात्र सहज होते.

हे सर्व वाचून कोणी मुलीला घरी बसवणार असेल, तर हा लेख लिहिलाच नसता तर बरे, असे मला वाटेल. ही भीती निराधार नाही. त्याच गावी मुलगा निघाला की त्याला दोन स्वेटर मिळतात आणि मुलगी निघाली की ‘तिथली हवा तिला मानवणार नाही’ हे वाक्य ऐकू येते. हवामानाला स्त्री-पुरुष असा भेद ठाऊक नाही. निरोगी मुलीने सिमल्यालाही जावे, श्रीनगरलाही जावे. तेथील ‘चिल्लई कलान’चे चाळीस दिवस २१ डिसेंबरपासून सुरू होतात आणि तेथील विद्यापीठे हिवाळी सुट्टीही देतात. गरम पाण्याची सोय आहे का, खोलीत हीटर लावू देतात का, विजेचा भरवसा किती, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवरून विचारावे. अधिकाऱ्यांना विचारून उपयोग नाही, ते उन्हाळ्यातील उत्तर देतात.

आपल्या संस्थेपुरती एक विनंती. निकाल लागल्यावर पेढे घेऊन येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपण एक पानाचा आरोग्य-सारांश लिहून द्यावा. त्यात रक्तगट, सिकल सेलची स्थिती, दमा, चालू औषधे व त्यांच्या मात्रा, नेहमीचे हिमोग्लोबिन किती आणि वेदना उठल्यास प्रथम काय द्यावे, एवढे असावे. हा कागद इंग्रजीत असावा आणि त्याची एक प्रत वसतिगृहातील खोलीच्या सोबत्याकडे राहावी, कारण पहाटे तीन वाजता दार ठोठावणारा तोच असतो.