थायरॉईडची गोळी, वाढलेले वजन आणि भैषज्यकाल

'डॉक्टरसाहेब, थायरॉईडमुळे वजन वाढते आहे. ती गोळी बंद करा आणि आपले आयुर्वेदाचे औषध द्या.' जालना जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याने ही विनंती ऐकली असेल. तिला आपण काय उत्तर देतो, यावर रुग्णाचे आरोग्य आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी अवलंबून आहेत.

मंठा तालुक्यातील एक मध्यमवयीन भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. मधुमेह जुना, आमवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉईड चालू आणि त्यात थायरॉईडची न्यूनता. कोणा व्यावसायिकाच्या सांगण्यावरून त्यांनी गोळी सोडली. पहिले काही दिवस काहीच जाणवले नाही, कारण या औषधाचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. पुढे मुखावर शोथ, मलावष्टंभ, शैत्य आणि विलक्षण थकवा आला. घाबरून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, तीही दुप्पट. 'वजन लवकर उतरेल' या आशेने. परिणामी हृदयाची धडधड आणि हातांना कंप. गोळी सोडणे आणि दुप्पट घेणे या दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. ही गोळी कशासाठी आहे, हे त्यांना कोणीही समजावून सांगितले नव्हते.

१८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क देऊन एका रुग्णेवर उपचार केले; ती पुढे २८ वर्षे जगली. १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले. आजची गोळी त्याच परंपरेतली आहे. ती ग्रंथीला उत्तेजित करीत नाही. ग्रंथी जे देऊ शकत नाही, त्याची पूर्ती करते. म्हणून ती वजन उतरविण्याचे औषध नव्हे आणि आपल्या मनाने थांबविण्याचेही नव्हे. गर्भिणीच्या बाबतीत तर हा निष्काळजीपणा अक्षम्य होय. भारतातील आठ शहरांत केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईड न्यूनता आढळली. हा प्रश्न मोजक्या रुग्णांचा नाही.

वजनाविषयीही स्पष्ट बोलावयास हवे. थायरॉईड न्यूनतेने वाढणारे वजन सामान्यतः दोन ते साडेचार किलो असते आणि त्यातील बराच भाग साठलेल्या क्षार व पाण्याचा असतो. उरलेल्या भाराची कारणे अन्यत्र शोधावी लागतात. उपरोक्त भगिनींच्या बाबतीत स्टिरॉईड, मधुमेहाची काही औषधे, सांधेदुखीने खुंटलेली हालचाल आणि अपुरी झोप यांचा वाटा मोठा होता. सारा दोष थायरॉईडवर टाकला की ही कारणे झाकली जातात. गोळीची मात्रा वाढवून वजन उतरवू पाहिल्यास हृदयाची गती अनियमित होते आणि अस्थी क्षीण होतात. स्टिरॉईड घेणाऱ्याच्या अस्थी आधीच दुर्बल असतात, हे विसरता कामा नये. स्टिरॉईडही एकाएकी बंद करणे घातक असते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. अष्टांगहृदयात दहा भैषज्यकाल सांगितले आहेत. त्यांतील 'अनन्न' आणि 'निशि' हे दोन काल या गोळीस तंतोतंत लागू पडतात. सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी व पुढे अर्धा ते एक तास काही घेऊ नये; अथवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घ्यावी. कापूस वेचणीस पहाटे निघणारी स्त्री गोळी चहाबरोबरच गिळते. तिला रात्रीचा काल सुचविणे अधिक व्यवहार्य ठरेल. लोह आणि कॅल्शियम यांमुळे या गोळीचे शोषण घटते. म्हणून लोहभस्म, मंडूर, नवायस, आरोग्यवर्धिनी, शंखभस्म, प्रवाळ, कामदुधा यांपैकी काहीही देताना चार तासांचे अंतर ठेवावे. इसबगोलही लगेच देऊ नये. चिकित्सापत्रावर औषधांच्या नावांपुढे वेळ लिहिली, तर निम्मे काम होते.

कांचनार गुग्गुळ व अश्वगंधा यांचा उपयोग आपण सर्वच करतो. गुग्गुळातील घटकाने थायरॉईडचे कार्य वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अश्वगंधेने संप्रेरके वाढल्याची, क्वचित अतिरेक झाल्याचीही नोंद आहे. ही औषधे वर्ज्य करा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ती सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावे आणि मात्रेतील बदल गोळी लिहून देणाऱ्या चिकित्सकाशी बोलूनच व्हावा. पत्राने वा दूरध्वनीने विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

औषधी विक्रेत्या बंधूंना तीन गोष्टी सुचवितो. ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. २५ च्या जागी ५० देणे म्हणजे मात्रा दुप्पट करणे होय. उष्णता, प्रकाश व ओलावा यांनी ती बिघडते. जालन्याच्या वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा ती कागदी पुडीत बांधून न देता मूळ बाटलीतच द्यावी व चुलीजवळ ठेवू नये, असे सांगावे. तिसरी गोष्ट जाहिरातींची. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत गलगंड आणि स्थौल्य हे दोन्ही विकार आहेत. 'थायरॉईडची गाठ कायमची बरी, महिन्यात दहा किलो वजन कमी' असा फलक दुकानावर लावणे कायद्याने निषिद्ध आहे. घटक न लिहिलेली वजन उतरविणारी चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत.

मग वैद्याने करावयाचे काय उरते? आमच्या मते, सर्वांत मोलाचे तेच उरते. चरकसंहितेच्या 'अष्टौनिन्दितीय' अध्यायात स्थूलास गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे; पोट भरावे, पण मेद वाढू नये, हे त्याचे तत्त्व. आहार, निद्रा, व्यायाम व अग्नी यांचा विचार करण्यासाठी रुग्णाला जो वेळ द्यावा लागतो, तो आपल्याकडे आहे. त्या भगिनींची गोळी पूर्वीच्या मात्रेवर, योग्य वेळी सुरू झाली. आहार बदलला, सांध्यांस झेपेल इतके चालणे सुरू झाले. वजन थोडेच उतरले, परंतु त्या पुन्हा शेतात जाऊ लागल्या. आम्ही ते यश मानतो. गोळी सोडविण्यात वैद्याचा विजय नाही. रुग्ण दोन्ही औषधे निर्भयपणे आणि यथाकाल घेऊ लागला, तर तो आपल्या चिकित्सेचा गौरवच होय.