टकलाची लाज महागात पडते

केस गळायला लागले की आपल्या पाचगणीतली पोरं गुपचूप मोबाईलवरची जाहिरात बघून तेलं मागवतात. डॉक्टरकडे जायची लाज!

फिनास्टेराइड या गोळीला पुरुषांच्या टकलासाठी अमेरिकेत १९९७ सालीच मान्यता मिळाली. पण ती चिठ्ठीवरच घ्यायची, कारण काहींना लैंगिक तक्रारी होतात. शिवाय गोळी बंद केली की फायदाही जातो. म्हणजे खर्च एका पाकिटाचा नाही, वर्षानुवर्षांचा. त्यात तज्ज्ञ गाठायला घाट उतरून वाई-सातारा, म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव मागा. तसंच लिहावं, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांतच आहे. मेडिकलवाल्याला त्यातली स्वस्त गोळी मागा. यात लाज कसली?