तारीख पडत नाही, कोणीतरी पाडतं

मीटिंग सुरू होण्याआधी मनातल्या मनात एक हिशेब करायची खोड आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. खोलीत आठ माणसं, प्रत्येकाचा बिलिंग रेट अमुक, म्हणजे या तासाभराची किंमत तमुक हजार. अशात कोणीतरी येऊन सांगतं की क्लायंट आज येत नाहीये, पुढच्या मंगळवारी भेटू. आपण चरफडतो. लागोपाठ तीनदा असं झालं तर प्रकरण वरपर्यंत जातं, मॅनेजर लांबलचक मेल लिहितो.

आता हीच मीटिंग जरा वेगळी करून बघा. येणारी माणसं बिनपगारी रजा टाकून येतात. कोणी तालुक्याहून पहाटेच्या एसटीने येतो, तिकीट स्वतःच काढतो. दुपारी दीड-दोनला कळतं की आज काही होणार नाही, आता दीड महिन्यानंतर या. कोणी कोणाची माफी मागत नाही, कोणी कोणाला एक रुपया देत नाही. आणि हे दहा-बारा वर्षं चालतं. आपल्याकडे याला 'तारीख पडली' म्हणतात.

हे क्रियापद मला फार मजेशीर वाटतं. पाऊस पडतो, भाव पडतो, तशी तारीख 'पडते'. जणू काही त्यात कोणाचाच हात नाही, वरूनच आली! खरं तर प्रत्येक तारीख कोणीतरी मागतं, कोणीतरी देतं, आणि तिचे पैसे भलताच कोणीतरी तिसरा माणूस भरतो. मागणाऱ्याला ती जवळपास फुकट पडते. माझ्या मते रोगाचं मूळ इथे आहे.

थोडे आकडे बघू. बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातल्या पक्षकारांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराला सुनावणीच्या एका दिवसासाठी सरासरी ४९७ रुपये खर्च येत होता आणि त्याची ८४४ रुपयांची कमाई बुडत होती. फौजदारी प्रकरणात हेच आकडे ५४२ आणि ९०२ होते. सगळं मिळून देशाचं जे उत्पन्न बुडतं, ते वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर, म्हणजे जीडीपीच्या जवळपास अर्धा टक्का, असा त्यांचा अंदाज होता.

एवढा मोठा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून मी तो एका कोर्टरूमपुरता लहान करून पाहिला. समजा, एका दिवाणी कोर्टाच्या बोर्डावर आज साठ प्रकरणं आहेत. त्यातल्या निम्म्यांत काहीही न होता नुसती पुढची तारीख मिळाली. प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंचा मिळून फक्त दोनच माणसं आली असं धरू. ४९७ आणि ८४४ मिळून १,३४१. गुणिले साठ माणसं म्हणजे ८०,४६० रुपये, एका दिवसाचे. वर्षाचे दोनशे दिवस कोर्ट चाललं तर एक कोटी साठ लाख! हे गृहीतक माझं आहे आणि रुपये २०१६चे आहेत, पण ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड कळायला पुरेसं आहे. यात वकिलाची फी नाही. न्यायाधीश, लिपिक, शिपाई यांचा पगार आणि इमारतीची वीज नाही. ते तुमच्या-माझ्या टॅक्समधून वेगळं जातं. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत साडेचार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत, त्यातली पन्नास लाखांवर एकट्या महाराष्ट्रात. आता करा गुणाकार.

पण पैसे हा यातला सौम्य भाग झाला. फौजदारी खटल्यात तारखेची किंमत वेगळ्याच चलनात मोजावी लागते.

माझ्या टीममधला एकजण एका अपघाताचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. ट्रकने दुचाकीला उडवलं, हा मागेच होता. थांबला, पोलिसांना जबाब दिला. आपण सगळे 'चांगलं केलंस' म्हणालो. त्यानंतर त्याला समन्स आलं ते चार वर्षांनी. पहिल्यांदा गेला तर न्यायाधीश रजेवर. दुसऱ्यांदा आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात. तिसऱ्यांदा सरकारी बाजूचीच फाईल पूर्ण नव्हती. चौथ्यांदा एकदाची साक्ष झाली आणि उलटतपासणीत त्याला विचारलं, 'ट्रकच्या मागच्या दिव्यांपैकी किती चालू होते?' पाच वर्षांपूर्वीचे! तो गडबडला. पुढे आरोपी सुटला. तो माणूस दोषी होता की नाही हे मला माहीत नाही, पण ते ठरवायला लागणारी आठवण तारखांच्या मध्ये झिजून गेली हे नक्की. आणि हा पोरगा आता म्हणतो, 'रस्त्यात काही दिसलं तर मी गाडीची काच वर करणार.' त्याचं हे वाक्य कुठल्या खर्चाच्या रकान्यात टाकणार?

हे काही एकट्या-दुकट्याचं गाऱ्हाणं नाही. २००० साली स्वरणसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात खुद्द सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलंय की साक्षीदार लांबून येतो, दिवसभर ताटकळतो आणि संध्याकाळी तारीख घेऊन परत जातो. तो थकेपर्यंत किंवा फुटेपर्यंत तारखा घेत राहणं हे काही वकिलांचं तंत्रच झालंय, अशीही खंत तिथे आहे. म्हणजे ज्याची बाजू लंगडी आहे त्याच्यासाठी तारीख हा वाया गेलेला दिवस नसतो, ती कमाई असते.

आणि जो आत आहे त्याचं काय? २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून तारीख पुढे गेली तर बाहेरच्या माणसाचा एक दिवस जातो, याचा महिना जातो. १९७९च्या हुसैनआरा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की वेळेत खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यालाही आता चार दशकं उलटून गेली.

तुम्ही म्हणाल, मग कायदा का नाही करत? गंमत म्हणजे कायदा आहे, आणि चांगला कडक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून स्पष्ट लिहिलंय की सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी द्यायची नाही, आणि जी द्याल तिच्या खर्चाबद्दल आदेश करायचा. वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे कारण चालणार नाही, असंही त्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर मर्यादा दोनवर आली, तीही परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असेल तरच. साक्षीदार हजर असेल तर खास कारण लिहिल्याशिवाय त्याला परत पाठवायचं नाही, हा नियम तर जुनाच.

मग घोडं पेंड खातं कुठे?

आपल्या लोकांना हे एका शब्दात सांगता येईल. थ्रॅशिंग! ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात आपण सगळ्यांनी यावर पाच मार्कांची टीप लिहिलेली आहे. मेमरीत मावतात त्यापेक्षा जास्त प्रोसेस एकदम चालवल्या की मशीन पानं आत-बाहेर करण्यातच दमून जातं. सीपीयू अडकलेला दिसतो, काम शून्य. कोर्टाच्या बोर्डाचं असंच होतं. निम्मी प्रकरणं आज चालणारच नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून बोर्डावर वीसऐवजी साठ लावली जातात. साठ लागली की आपलं प्रकरण कधी पुकारलं जाईल याचा वकिलाला भरवसा नसतो, म्हणून तो त्याच दिवशी चार कोर्टांत चार प्रकरणं घेतो. तो चार ठिकाणी असल्यामुळे तीन ठिकाणी मुदतीचा अर्ज जातो. मग निम्मी प्रकरणं चालत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी सत्तर लावली जातात... प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणपणाने वागतोय आणि सगळे मिळून सिस्टिम हँग करतायत. साधारण तीन वर्षांनी न्यायाधीशांची बदली झाली की नवीन साहेबांना सगळ्या फायली पहिल्यापासून वाचाव्या लागतात, ते वेगळंच.

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे न्यायाधीश वाढवा. बरोबरच आहे. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं सुचवलं, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच वर्षांत तिथे पोचायला सांगितलं. आज मंजूर पदं धरली तरी आकडा एकवीस-बावीसच्या आसपास घुटमळतोय. पदं भरलीच पाहिजेत. पण थ्रॅशिंग होणाऱ्या मशीनला नुसती रॅम टाकून भागत नाही हेही आपल्याला माहीत आहे. शेड्युलर तसाच राहिला तर नव्या कोर्टाचा बोर्डही वर्षभरात साठवर जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तारखेला किंमत लावली तर गरीब मरेल. श्रीमंत माणूस पाच हजार फेकून तारीख विकत घेईल, आणि ज्याची आई दवाखान्यात आहे तो मजूर दंड भरेल. शिवाय घाईघाईत उरकलेला न्याय हाही अन्यायच. हे मला मान्य आहे. आजारपण, मृत्यू, पूर यांसाठी तारीख मिळालीच पाहिजे, फुकट मिळाली पाहिजे. म्हणूनच किंमत माणूस बघून नाही, कारण बघून लावायला हवी. वकील दुसरीकडे, फाईल अपुरी, तपास अधिकारी आला नाही, ही कारणं मजुराच्या घरातली नाहीत. देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकार आहे. सरकारी बाजूमुळे दिवस वाया गेला तर त्या खात्याने पैसे भरावेत. आणि ते कुठल्याशा फंडात न जाता, जो माणूस हेलपाटा घालून आलाय त्याच्या हातात त्याच संध्याकाळी पडावेत. साक्षीदाराला आधी, पक्षकाराला नंतर.

बाकी दोन गोष्टी आपल्या धंद्यातल्याच आहेत. एक, बोर्डावर तेवढीच प्रकरणं लावा जेवढी खरोखर चालतील, आणि साक्षीदाराला दिवस नाही, वेळ द्या. साडेअकरा म्हणजे साडेअकरा. दुसरं, मोजा. ई-कोर्ट्समुळे आज सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. कौतुकाची गोष्ट आहे, पण त्यामुळे तारीख पडल्याचं लवकर कळतं, ती पडायची थांबत नाही. किती प्रकरणं पडून आहेत ते एका क्लिकवर दिसतं, तसं आज बोलावलेल्या साक्षीदारांपैकी किती जण तोंड न उघडता परत गेले हेही दिसू दे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ठरलेल्या दिवशी न चाललेल्या खटल्यांची वेगळी वर्गवारी करून ती कारणांसकट दर तिमाहीला छापतात. आपल्या रोजनाम्यात कारण रोज लिहिलं जातंच, फक्त त्याची बेरीज लोकांसमोर येत नाही.

आणि हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी भर कोर्टात आकडा सांगितला होता. आधीच्या दोन महिन्यांत सुप्रीम कोर्टात तहकुबीच्या ३,६८८ चिठ्ठ्या आल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या चिठ्ठ्यांवर नवे कडक नियम आले. आधी कोणीतरी मोजलं, मग नियम झाला. दिल्लीत जे होऊ शकतं ते तालुक्याच्या कोर्टात का नाही?

आपण नोकरदार मंडळी कोर्टाची पायरी चढत नाही आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. पण फ्लॅटचा ताबा अडकला, चेक बाऊन्स झाला किंवा रस्त्यात कोणाला उडवलेलं पाहिलं, की आपलंही नाव त्या बोर्डावर लागतं. तेव्हा शिपायाने पुकारा केल्यावर कोणीतरी उठून म्हणेल, 'साहेब, मुदत मिळावी.' त्या क्षणी एक प्रश्न त्या खोलीत मोठ्याने विचारला गेला पाहिजे, आणि त्याचं उत्तर रोजनाम्यात लिहिलं गेलं पाहिजे: या मुदतीचे पैसे कोण भरणार?