डेसिबलचं ॲप 92 दाखवतंय, म्हणजे नेमकं काय?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर दरवर्षी डेसिबल मोजणाऱ्या ॲपचे स्क्रीनशॉट येतात. कुणाचा 92, कुणाचा 104. मग भांडण सुरू: डीजे बंद करा, नाहीतर ढोलपथकंही बंद करा. मी पुण्यात सहा वर्षं पथकात ढोल वाजवलाय, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खातो. पण खरी गडबड वेगळीच आहे. त्या आकड्यासोबत वेळ कुणीच सांगत नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर मीटरवरचा आकडा म्हणजे नेटचा स्पीड. कानाचं नुकसान ठरतं ते दिवसभरात किती डेटा संपला त्यावर. डेसिबल 3 ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने 85 डेसिबलला दिवसाला 8 तास चालतात, 88 ला 4, 94 ला एकच तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. सीओईपीचे विद्यार्थी दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत आवाज मोजतात. कोरोनाची वर्षं सोडली तर अलीकडची सरासरी साधारण 90 ते 105 च्या मध्ये असते. 100 डेसिबलमध्ये चार तास उभे राहिलात, तर सोळा दिवसांचा कोटा एका दुपारीच संपला!

कानाच्या आत, शंखासारख्या कॉक्लियात, सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या वाकतात आणि मेंदूकडे सिग्नल पाठवतात. जास्त वाकल्या की थकतात. मिरवणुकीनंतर कानात जी 'कुंईऽऽ' वाजते आणि सगळं कापसातून ऐकू येतं, ती ही अवस्था. पुष्कळदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं, पण आतलं सगळं भरून आलंच असं नाही. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गेल्या वर्षी ऑफिसच्या कॉलवर मला 'सात' आणि 'साठ' यातला फरक कळेना. मी नेटवर्कला दोष देत होतो. श्रवणतपासणी केली तर आलेखात 4000 हर्ट्झला खड्डा. मोठ्या आवाजाने कान गेल्याची ही ठरलेली खूण. वय 28.

आता त्या ॲपबद्दल. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो. मोठा आवाज तो आपोआप दाबतो आणि पुष्कळ फोन खालचा बास कापून टाकतात. म्हणजे डीजेच्या भिंतीसमोर आकडा कमीच दिसण्याची शक्यता जास्त. ॲन्ड्रॉईडमध्ये प्रत्येक मॉडेलचा माइक वेगळा, म्हणूनच नायॉशचं स्वतःचं मोफत ॲप फक्त आयफोनसाठी आहे. स्क्रीनशॉट अंदाजापुरता ठीक, पुरावा म्हणून नाही.

कायद्यात वेळेचा विचार आहे, पण तो झोपेसाठी: 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55. समोर उभ्या पोराच्या कानात दिवसभरात किती आवाज गेला, हे मात्र कुणीच मोजत नाही. पथकं तर आधी दोन-दोन महिने रोज संध्याकाळी सराव करतात. तो आवाज कुठल्याच बातमीत नसतो.

आणि मिरवणुकीहून परतताना लोकलमध्ये आपण इअरफोन लावतो. डब्यातला खडखडाट झाकायला आवाज वाढवतो. कोटा तोच, दोन्हीकडून संपतो. इथे नॉइज कॅन्सलेशन खरंच कामाचं, कारण आवाज कमी ठेवूनही गाणं ऐकू येतं. आयफोनमध्ये हेडफोन सेफ्टी आणि सॅमसंगमध्ये मीडिया व्हॉल्यूम लिमिट आत्ताच लावून टाका. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला 80 डेसिबलने 40 तास एवढीच आहे.

पथकात कापसाचे बोळे घालतात, त्याने फारसं काही थांबत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. ताल चुकत नाही, मी वाजवून बघितलंय. स्पीकरपासून जितकं लांब जाल तितकं बरं. लहान मुलाला खांद्यावर घेऊन भिंतीसमोर नाचू नका.

एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर 'जाईल आपोआप' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, कारण उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगाची शक्यता जास्त असते.