स्वहस्ते म्हणजे काय?

केकच्या सजावटीवर मराठीच्या अध्यापिकेने लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले असते. परंतु आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात काही वर्षांपूर्वी केक-सजावटीची स्पर्धा झाली, 'मॅडमना सौंदर्यदृष्टी आहे' एवढ्या भांडवलावर परीक्षक म्हणून माझे नाव घातले गेले, आणि स्पर्धेच्या नियमपत्रिकेतील एका शब्दाचा अर्थ लावण्याची जबाबदारी शेवटी माझ्यावर येऊन पडली. तो अर्थ मी चुकीचा लावला, असे आज मला वाटते. चुकीची किंमत मी मोजली नाही, एका विद्यार्थिनीने मोजली. म्हणून हा लेख.

नियम असा होता : 'सजावट स्पर्धकाने स्वहस्ते केलेली असावी.'

विषय होता महाराष्ट्रातील वस्त्रपरंपरा. पहिल्या क्रमांकासाठी आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने निवडलेल्या केकभोवती साखरेची पैठणी गुंडाळलेली होती. जांभळ्या पृष्ठभागावर सोनेरी काठ, काठात नारळी, पदरावर मुनियांची ओळ. प्रत्येक मुनिया दुसरीसारखी, चोचीची टोके सुईसारखी. दुसऱ्या क्रमांकाच्या केकवर मोर होता, गुलाब होते, झालरीची नक्षी होती. थोडी दाटी झालेली, पण मेहनत दिसत होती. निकाल जाहीर झाला आणि तासाभरात तक्रार आली : पहिल्या केकचा काठ हाताने कापलेला नाही, यंत्राने कापला आहे.

हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियमची अक्षरे कापून देणाऱ्या दुकानात जे यंत्र असते, त्याचे हे घरगुती भावंड. संगणकावर आकृती काढायची. यंत्रातले बारीक पाते त्या आकृतीच्या रेषेवरून फिरते आणि खालचा कागद कापत जाते. अमेरिकेत कागदकामाच्या हौशी मंडळींत अशी यंत्रे या शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय झाली. युटा राज्यातील प्रोव्हो क्राफ्ट या कंपनीने आपल्या 'क्रिकट' यंत्राचा खास केकसाठीचा अवतार २०१० मध्ये बाजारात आणला. कागदाऐवजी गमपेस्टचा किंवा फाँडंटचा पातळ लाटलेला थर त्यात सरकवायचा. त्यातल्या आकृत्या कार्ट्रिजमधून विकत घ्याव्या लागत. म्हणजे फूल कोणते कापायचे ते तुम्ही ठरवायचे, पण फूल कसे असावे हे कंपनीने आधीच ठरवलेले. तो अवतार पुढे बंद पडला. आजची संगणकाला जोडलेली यंत्रे मात्र तुम्ही स्वतः काढलेली रेषाही निमूटपणे कापतात. हा फरक मला त्या वेळी माहीत नव्हता, आणि सगळे घोडे तिथेच पेंड खाते.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. गृहविज्ञानाच्या बाई म्हणाल्या, यंत्र म्हणजे यंत्र. गावातल्या बेकरीचे मालक परीक्षक होते. त्यांनी विचारले, मग केक फेटला तो मिक्सरमध्येच ना? प्राचार्य माझ्याकडे वळले : "मॅडम, शब्दार्थ तुम्ही सांगा." आणि मी शब्दार्थ सांगितला. स्व म्हणजे आपला, हस्त म्हणजे हात. स्वहस्ते ही तृतीया. अर्थ, आपल्या हाताने. पाते काही हात नव्हे. पहिले बक्षीस रद्द झाले, दुसऱ्याचे पहिले झाले. मुलगी काही बोलली नाही. केकवरचा काठ तिने काढून एका डब्यात ठेवला आणि ती गेली.

वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे की संहितेचा अर्थ कोशात संपत नाही. त्या दिवशी मात्र नेमका कोशच उघडून बसले.

नंतरच्या आठवड्यात दोन गोष्टी कळल्या. पैठणीचा काठ त्या मुलीने आजीच्या लग्नातल्या पैठणीवरून उतरवून घेतला होता. आधी ट्रेसिंग पेपरवर, मग संगणकावर, एकेक रेषा ओढून. यंत्र मावसभावाचे, तो आकाशकंदील करतो. पहिल्या काही प्रयत्नांत पात्याने साखर कापली नाही, ओढत नेली. थर ओला असला की असेच होते. मग लाटलेली गमपेस्ट किती वेळ उघडी ठेवायची, कातड्यासारखी झाली पण अजून तडकत नाही तो क्षण कोणता, हे तिने बोटाने दाबून दाबून शोधले. मुनियांच्या चोची पाते वळताना तुटत होत्या, म्हणून तिने चोचींचे चित्रच बदलले. आणि दुसरी गोष्ट : ज्या केकला आम्ही बढती दिली, त्यावरचा मोर, झालर आणि बहुतेक गुलाब हे बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या साच्यांतून निघालेले होते. साचा भरायचा, वर अंगठा दाबायचा, उलटा करायचा. हे सर्व स्वहस्ते. नियमाला बाध नाही.

थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्या व्यवसायातला एक प्रकार इथे आठवल्यावाचून राहत नाही. अनेक ठिकाणी प्रकल्प 'स्वहस्ताक्षरात' लिहून आणण्याची अट असते. हेतू हा की विद्यार्थ्याने नक्कल करू नये. होते काय, की विद्यार्थी गाइडमधला किंवा पडद्यावरचा मजकूर अतिशय टपोऱ्या, वळणदार अक्षरात उतरवून आणतात. अक्षर त्यांचे असते. बाकी काहीही त्यांचे नसते. आणि एखादा विद्यार्थी स्वतः विचार करून चार पाने टंकून आणतो, तर ती आम्ही परत करतो, कारण नियम. सिलिकॉनचा मोर आणि गाइडमधले 'कवीची निसर्गदृष्टी' यांत मला तत्त्वतः भेद दिसत नाही.

हस्तकौशल्याच्या बाजूने बोलताना आपण साहित्यातली माणसे बहुधा रस्किनच्या आश्रयाला जातो. 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या १८५३ मधल्या दुसऱ्या खंडात त्याने गॉथिक वास्तुशैलीवर जे प्रकरण लिहिले त्याचा आशय असा, की कारागिराकडून निर्दोष सफाईची मागणी केली की तो स्वतःच हत्यार होऊन जातो. त्याला विचार करू दिला तर काम ओबडधोबड होईल, पण माणसाचे होईल. विचार उदात्त आहे. त्याच्या आधाराने मात्र पुष्कळ गबाळेपणा खपवला गेला आहे, आणि आज तर वाकडी कडा ही 'हस्तनिर्मित' असल्याची जाहिरात म्हणून मुद्दाम ठेवली जाते. मला अधिक उपयोगी वाटला तो डेव्हिड पाय. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये हा गृहस्थ फर्निचर शिकवत असे, आणि लाकूडकाम स्वतः करत असे. त्याच्या १९६८ च्या पुस्तकात, जिथे त्याने रस्किनच्या त्या प्रकरणाचाही समाचार घेतला आहे, तो म्हणतो की 'हाताने केलेले' ही तांत्रिक संज्ञाच नव्हे. ती ऐतिहासिक किंवा सामाजिक संज्ञा आहे. खरा भेद त्याच्या मते जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी असा आहे. जोखमीच्या कामात दर्जा आधी ठरलेला नसतो. काम चालू असताना कर्त्याचा निर्णय, हातोटी आणि काळजी यांवर तो क्षणोक्षणी टांगलेला राहतो. निश्चितीच्या कामात काम सुरू होण्यापूर्वीच तो ठरून गेलेला असतो. लेखणीने लिहिणे आणि छापणे, हे त्याचे उदाहरण.

या कसोटीवर सिलिकॉनचा साचा आणि कापणारे पाते एकाच पंगतीत बसतात. दोन्हींत निश्चिती. फरक इतकाच, की पैठणीच्या मुलीने जोखीम आधी पत्करली होती : ट्रेसिंग पेपरवर, रेषेच्या निवडीत, साखर वाळू देण्याच्या त्या अंदाजात. साच्याच्या बाबतीत ती कुणीतरी, कुठल्या तरी कारखान्यात, कधीच पत्करून झाली होती. तेव्हा त्या दोघींत बक्षीस कुणाचे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

पण पायने मला आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली, आणि ती अधिक बोचते. त्या टेबलावर तिसरा केक होता.

पांढरा, लहान, फारसा कुणाच्या नजरेत न भरणारा. इरकलीचे रुंद काठ दाखवायचे म्हणून तिने भोवती रॉयल आयसिंगचे दोर सोडले होते. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि दळलेली साखर. आपल्याकडे आता बिनअंड्याचेही करतात. या कामात रेघ केकवर ओढायची नसते. नोझल एका बिंदूला टेकवायचा, पिशवी दाबत हात मागे घ्यायचा, आयसिंगचा दोरा हवेत लोंबू द्यायचा आणि पुढच्या बिंदूला नेऊन चिकटवायचा. मधला झोल हात देत नाही, दोऱ्याचे वजन देते. हाताने फक्त तो किती लांब सोडायचा ते ठरवायचे. आयसिंग जरा सैल असेल तर दोरा तुटतो, घट्ट असेल तर नोझलमध्येच अडकतो, साखरेचा एक कण चाळणीतून निसटला तरी रेघ थांबते. जोसेफ लॅम्बेथचे या पद्धतीवरचे पुस्तक १९३४ चे आहे; रेघेवर रेघ, झोलावर झोल चढवत जाण्याला आजही त्याचेच नाव चिकटून आहे. कोणतेही पाते हे करू शकत नाही, कारण इथे कापायला काही नसतेच.

त्या मुलीने हे मावशीकडून शिकून घेतले होते. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमध्ये उभारलेल्या, सुमारे शंभर किलो वजनाच्या, मिलानच्या कॅथेड्रलवर बेतलेल्या रचनेची बातमी २०२२ मध्ये सर्वत्र झाली होती. ब्रिटनच्या राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडे त्या शिकलेल्या. ती छायाचित्रे पाहून मावशीने हात बसवायला घेतला आणि भाची शेजारी बसली. स्पर्धेच्या दिवशी तिचे तीन दोर तुटलेले होते. दोन ठिकाणी झोल असमान होता. मी माझ्या गुणपत्रिकेत 'सफाई' या रकान्यात दहापैकी चार लिहिले. मोराला आठ दिले होते.

खरे म्हणजे साखरेतली जोखीम मला परकी नव्हती. आमच्या घरी संक्रांतीसाठी हलवा घरीच होत असे. मंद आचेवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, वरून चमचा चमचा पाक आणि बोटांनी सतत हलवत राहणे. काटा एकदम येत नाही. पाक एका वेळी जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून सगळे मातेरे होते. घाई केली की काटा येतच नाही, नुसते गुळगुळीत मणी होतात. माझ्या आईने असे कितीतरी घाणे वाया घालवले, आणि आजी एका शब्दाने बोलत नसे, नुसती पुढचे तीळ परातीत टाकत असे. त्यातूनच आई पुढे घरात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने करू लागली. आता काटेरी हलवा दुकानात तयार मिळतो, चांगला मिळतो, आणि मीही तोच आणते. वाया गेलेल्या घाण्याला जागा असणारे घर मात्र माझे नाही. तसे महाविद्यालयही नव्हते, हे माझ्या गुणपत्रिकेवरून दिसते.

म्हणून यंत्राविरुद्धचा ओरडा मला फारसा पटत नाही. हाताची कला यंत्राने मारली, असे आपण म्हणतो. पण यंत्राने तीच कामे घेतली ज्यांत निश्चितीचीच अपेक्षा होती. जोखमीचे काम जिथे डोळ्यांसमोर उभे होते तिथे त्याला चार गुण देणारे आम्ही होतो. यंत्राने कापलेल्या कडेची सवय झालेल्या डोळ्याला तुटलेला दोर हा दोष दिसतो. तुटला नाही असा चौथा, पाचवा, सहावा दोर कसा सुटला असेल हे दिसत नाही. येवल्याच्या विणकराकडे गेलेले जाणते गिऱ्हाईक पदर उलटा करून पाहते, कारण हातमागाची पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते आणि यंत्रमागाचे सुटे धागे मागे दिसतात. केकला मागची बाजू नसते. तो कसा झाला हे पाहायचे तर होतानाच पाहावे लागते, आणि आम्ही तिघे परीक्षक तिथे पोचलो ते सगळे झाल्यावर, चहा घेऊन.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. कौशल्य मोजायचे की वस्तू? केक शेवटी पाहायचा आणि खायचा असतो. गिऱ्हाईक आपल्या मुलाच्या वाढदिवसाला तुटलेला दोर का घेईल? बेकरीच्या मालकांनी हेच मला विचारले आणि त्यांचे बरोबर आहे. त्यांनी यंत्र घ्यावे. एका रात्रीत ज्याला चाळीस केकांवर नावे लावायची आहेत त्याने हाताने अक्षरे कापत बसावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण महाविद्यालय म्हणजे बेकरी नव्हे. तिथे वस्तूपेक्षा ती करणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी अधिक महत्त्वाची, आणि तिला आम्ही त्या दिवशी जे शिकवले ते असे : साचा आण, दोर सोडू नकोस.

मागच्या वर्षी स्पर्धा पुन्हा ठरली तेव्हा नियमपत्रिका तपासायला माझ्याकडे आली. 'स्वहस्ते' मी खोडले. त्याच्या जागी कोणता शब्द घालावा हे दोन दिवस सुचले नाही. शेवटी दोन वाक्ये लिहिली : स्पर्धकाने आपली कच्ची रेखाटने सोबत आणावीत, आणि सजावटीचा एक भाग परीक्षकांसमोर पूर्ण करावा, यंत्र वापरल्यास आकृती स्वतः काढलेली असावी. छापताना दुसरे वाक्य जागेअभावी गळाले. तिसरा केक करणारी मुलगी तोवर पदवी घेऊन बाहेर पडली होती. पैठणीवाली लग्नपत्रिका आणि केक असा जोडधंदा करते असे ऐकते. परीक्षकांच्या यादीत यंदा माझे नाव नव्हते.